नागअळीचा पतंग

माझ्या वडिलांनी काटोल तालुक्यात ४० वर्षे संत्र्याची बाग सांभाळली, आणि त्या ४० वर्षांत त्यांनी लिंबू-संत्र्याची कोवळी पाने आतून पोखरणाऱ्या नागअळीचा पतंग एकदाही पाहिला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितले. शेती सोडून ते नागपूरला माझ्याकडे राहायला आले, त्यानंतरच्या एका श्रावणात मी परसातल्या कागदी लिंबाचे एक वाकडेतिकडे झालेले कोवळे पान तोडून त्यांच्या हातात दिले होते. त्यांनी ते उन्हाकडे धरून पाहिले, अंगठ्याने चाचपले आणि म्हणाले, "नागअळी होय. रेघ तं दरसाल पाहिली, अळीही पाहिली. पतंग कोणं पाहिला वो?" त्या प्रश्नात तक्रार नव्हती, कुतूहलही फारसे नव्हते, आयुष्यभर जिच्याशी गाठ पडली ती गोष्ट अर्धीच माहीत आहे, एवढी एक साधी कबुली होती. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. पुढची तीन वर्षे पावसाळा लागला की मी त्याच कामाला लागत असे.

आमचे लिंबाचे झाड न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेले आहे आणि जून सरता सरता त्याला भरभरून नवती फुटते. संत्र्याच्या मुलखात कोवळ्या पालवीला नवती म्हणतात, आणि या लेखात ज्या किड्याविषयी मी लिहिते आहे त्याचे सगळे आयुष्य या एका शब्दाभोवती फिरते. नवतीची पाने बोटाच्या पेराएवढी झाली की त्यांच्यावर चांदीच्या तारेसारखी एक रेघ उमटू लागते. ती मध्यशिरेजवळून कुठूनतरी निघते, वळसे घेत, स्वतःलाच चिकटून पुन्हा माघारी फिरत पानभर हिंडते आणि शेवटी पानाच्या कडेशी येऊन थांबते. रेघेच्या मधोमध पेन्सिलीने ओढावा तसा एक काळपट धागा असतो. माझी आजी त्याला "नागोबा चालला" असे म्हणे. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे आणि त्याच दिवसांत लिंबाच्या पानांवरही नाग उमटायचे, हा योग तिला अर्थपूर्ण वाटत असावा, कारण त्या दिवशी ती आम्हा मुलांना लिंबाचे पान तोडू देत नसे.

वडिलांच्या मनात या अळीविषयी एक पक्की समजूत होती, आणि ती चुकीची असली तरी विचारपूर्वक बांधलेली होती हे मला आवर्जून सांगायचे आहे. त्यांच्या मते नागअळी म्हणजे लिंबावरच्या मोठ्या हिरव्या अळीचे बालपण. आधी पानावर बारीक रेघा दिसतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच फांदीवर बोटभर लांबीची, धष्टपुष्ट हिरवी अळी पाने कुरतडताना सापडते. तेव्हा जी आधी पानाच्या आत होती तीच मोठी होऊन बाहेर आली, असे त्यांनी मानले. नवती तीच, हंगाम तोच आणि झाडही तेच. मी त्यांच्या जागी असते तर याहून वेगळा निष्कर्ष काढला नसता.

ती हिरवी अळी मात्र लिंबू फुलपाखराची आहे. त्या फुलपाखराची मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे सुटे घालते, त्यातून निघणारी अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, पुढे कात टाकत हिरवी होते आणि तिला डिवचले तर डोक्यामागून केशरी रंगाची दुहेरी शिंगे काढून उग्र वास सोडते. ती जन्मल्यापासून पानाच्या बाहेर असते आणि पानाची कड खात आत येते. आमच्या झाडावर दोन्ही अळ्या एकाच डहाळीवर नांदत होत्या, म्हणून त्या वेगळ्या करणे अवघड गेले नाही: विष्ठेसारखी दिसणारी बाळअळी मी एका बरणीत वाढवली, ती हिरवी झाली, रेशमाच्या पट्ट्याने स्वतःला काडीला बांधून घेऊन तिचा कोष झाला आणि काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू बाहेर पडले. या सगळ्या प्रवासात ती एकदाही पानाच्या आत गेली नाही. वडिलांनी ती बरणी रोज पाहिली आणि फुलपाखरू उडाल्यावर म्हणाले, "मंग थे रेघवाली कोण?"

त्या पहिल्या वर्षी माझीही एक चूक झाली. कुंडीतल्या टोमॅटोच्या पानांवर अगदी तशाच नागमोडी रेघा होत्या, म्हणून दोन्हींचा कर्ता एकच असावा असे मी धरून चालले. टोमॅटोची ती पाने मी बंद डबीत ठेवली, तेव्हा दोन दिवसांत पानांतून पिवळ्या, बिनडोक्याच्या दिसणाऱ्या अळ्या बाहेर पडल्या, डबीच्या तळाशी त्यांचे तपकिरी दाण्यांसारखे कोष झाले आणि पुढच्या आठवड्यात त्यातून काळ्या-पिवळ्या बारीक माश्या निघाल्या. म्हणजे पान पोखरणारे सगळे एका घरचे नाहीत. काही माश्या आहेत, काही पतंग आहेत, काही भुंगेरेही आहेत. पानाच्या दोन त्वचांमधली ती अरुंद, ओलसर, सुरक्षित जागा कीटकांच्या वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे शोधून काढलेली आहे. शेतकरी त्या सगळ्यांना नागअळीच म्हणतात, आणि पानाकडे पाहून ते नाव अगदी नेमके वाटते. फक्त त्या नावावरून आत कोण आहे हे कळत नाही.

ते ओळखण्याची खूण विष्ठेच्या रेघेत आहे, आणि ही खूण समजली त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. लिंबाच्या पानातल्या पतंगाची अळी चपटी, पोटावर सरकणारी असते, त्यामुळे तिची विष्ठा बोगद्याच्या मधोमध एकसलग धाग्यासारखी पडत जाते. टोमॅटोतल्या माशीची अळी कुशीवर पडून खाते आणि मधूनमधून कूस बदलते, म्हणून तिची विष्ठा बोगद्याच्या कधी या काठाला तर कधी त्या काठाला तुटक पडते. दुसरी खूण शेवटाची. माशीची अळी बहुधा पान फाडून बाहेर येते आणि मातीत जाऊन कोष करते. पतंगाची अळी पान सोडतच नाही. एवढ्या दोन गोष्टी माहीत असल्या तर साध्या दहापट भिंगाने, किडा न पाहतासुद्धा, निवाडा करता येतो.

या दोघांच्या प्रवासाची एक जुळणी मला राहून राहून आठवते. टोमॅटोवरची ती माशी मूळची अमेरिकेतली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती भारतात आढळली आणि पाहता पाहता एरंडीपासून झेंडूपर्यंत पसरली. त्याच सुमारास, १९९३ साली, लिंबाच्या पानातला आमचा हा आशियाई पतंग अमेरिकेतल्या फ्लोरिडात पहिल्यांदा सापडला, आणि पुढच्या काही वर्षांतच तिथल्या व भूमध्य समुद्राकाठच्या संत्र्यांच्या बागांत सगळीकडे पोहोचला. दोन्ही खंडांतल्या शेतकऱ्यांनी एकाच काळात आपापल्या पानांवर परक्या रेघा पाहिल्या.

पतंगाचे शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. पहिल्या शब्दाचा अर्थ पान खरवडणारा असा लागतो आणि दुसरा शब्द लिंबूवर्गाशी नाते सांगतो. हे नाव हेन्री स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ साली दिले, आणि त्याच्याकडे आलेले नमुने कलकत्त्याचे होते. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी त्या वर्षापाशी थांबले. आमच्या बागेतल्या प्रत्येक नवतीवर ज्याचा वावर होता त्या प्राण्याला नाव मिळून शतकाहून अधिक काळ लोटला होता, त्याचे रेखाटन कुठल्यातरी संग्रहात होते, आणि इकडे काटोलला माझ्या आजोबांना व वडिलांना त्याची फक्त पावलांची खूण ठाऊक होती. अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. आमच्या घरापासून ती काही फार दूर नाही. माहिती दूर नव्हती, पतंग तर हाताच्या अंतरावर होता. फक्त कोणी थांबून पाहिले नव्हते, कारण बागेत थांबून पाहायला वेळ कोणाकडे असतो?

थांबून पाहणेही वाटले तितके सोपे निघाले नाही. पहिल्या वर्षी मी कोष असलेली पाने स्टीलच्या डब्यात ठेवली आणि चार दिवसांत त्यांना बुरशी आली. दुसऱ्या वर्षी डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करून वर मलमलीची पिशवी बांधली. नवती इतकी नाजूक असते की झाडावरून तोडल्यावर ती पाण्यातही मान टाकते, तरी काही पाने टिकली. आठव्या दिवशी पिशवीत काहीतरी हलताना दिसले. भिंगाखाली धरले तर तो पतंग नव्हताच. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, हिरवट धातूसारखी चमकणारी, लाल डोळ्यांची गांधीलमाशीची जात होती ती. पान उलटून पाहिले तेव्हा रेघेच्या मधेच, जिथे बोगदा अकस्मात संपत होता तिथे, वरच्या पातळ पडद्याला एक स्वच्छ गोल भोक पडलेले होते.

तेव्हा मी हिरमुसले होते हे खरे. नंतर वाचत गेले तसे कळले की त्या दिवशी मी जे पाहिले ते पतंगाहून कमी मोलाचे नव्हते. ही युलोफिडी कुळातली परोपजीवी गांधीलमाशी आहे. तिची मादी पानावर फिरत आतल्या अळीचा ठाव लावते, पडद्यातून नांगी टोचून अळीला बधिर करते आणि तिच्याजवळ आपले अंडे ठेवते. त्यातून निघालेली अळी नागअळीला खाऊन वाढते आणि तिच्याच बोगद्यात कोष करते. शेतीच्या भाषेत तिला मित्रकीटक म्हणतात. नागअळीच्या जन्मभूमीत अशा मित्रकीटकांच्या अनेक जाती आहेत, आणि पतंग परदेशात पोहोचला तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना आशियातून हेच कीटक मागवावे लागले होते. पानाच्या आत लपलेली अळी पक्ष्यांना सापडत नाही, पावसाने धुतली जात नाही, उन्हाने सुकत नाही. तिला शोधणारी मात्र तिच्याहूनही लहान आहे.

तिसऱ्या वर्षी मी पान तोडायचेच नाही असे ठरवले. जे पाहायचे ते झाडावरच पाहायचे, आणि शेवटी शेवटी त्या एका पानाभोवती जाळी बांधायची. यासाठी मला अंडे हवे होते. मादी संध्याकाळी अंडी घालते, कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला, बहुधा मध्यशिरेच्या जवळ, आणि एका जागी एकच. नागपंचमीनंतर चार दिवसांनी, जराशी उघडीप असताना, मी तांबूस-पोपटी नवतीचे एकेक पान हळूच उलटत गेले. पाऊण तासाने एक सापडले. पावसाचा अगदी बारीक तुषार पानावर राहावा तसे ते दिसत होते. फरक इतकाच की पान हलवले तरी ते घरंगळले नाही. त्याचा आकार एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. मी त्या डहाळीला लाल दोरा बांधला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तुषार मलूल झाला होता आणि त्याच्या बुडापासून केसाएवढी रेघ निघाली होती. अळी अंड्यातून बाहेर आलीच नव्हती. अंड्याचे बूड जिथे पानाला चिकटलेले असते तिथूनच ती थेट पानात उतरली होती. म्हणजे ती अंड्यातून निघते ती पानात, पानातच वाढते, पानाच्याच कडेला कोष करते, आणि पंख फुटेपर्यंत उघडी हवा तिच्या अंगाला लागत नाही. हे वाचून माहीत होते, पण त्या सुकलेल्या थेंबापासून निघालेली ती रेघ स्वतः पाहिली तेव्हा मी वडिलांना हाक मारून बोलावले.

पुढचे सहा-सात दिवस रेघ वाढत गेली. अळी पानाचा हिरवा गर खात नाही, ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. तिचे डोके चपटे आहे आणि जबडे समोरच्या दिशेला, पात्यांसारखे आडवे चालणारे आहेत. पानाच्या अगदी बाहेरच्या त्वचेत पेशींचा एकच थर असतो. त्या पेशी ती कापत जाते आणि त्यातला रस पिते. वरचा मेणचट पडदा तेवढा शाबूत राहतो. त्या पडद्याखाली हवा शिरते, म्हणून रेघ चांदीसारखी चमकते. तिला पाय नाहीत, पोटाची वळणे आणि बोगद्याच्या भिंती यांच्या आधाराने ती पुढे सरकते. भिंगातून पाहताना पिवळट-हिरवी, जवळजवळ पारदर्शक अशी ती डोके उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे फिरवताना दिसत होती, थेट विळ्याने गवत कापत जाणाऱ्या बाईसारखी. तिने कात टाकली की रेघ तिथून थोडी रुंद झालेली असायची, आणि तशी दोन रुंद होण्याची ठिकाणे मला स्पष्ट मोजता आली. पूर्ण वाढलेली अळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. तिची रेघ मात्र पाच ते दहा सेंटिमीटरपर्यंत जाते.

याच दिवसांत पान आकसू लागले. ज्या बाजूची त्वचा पोखरली गेली ती बाजू वाढायची थांबते आणि दुसरी बाजू वाढतच राहते, त्यामुळे पान पोखरलेल्या बाजूकडे वळते आणि चुरगळल्यासारखे होते. चुरडा-मुरडा झालेली ही पाने बागेत लांबूनही ओळखू येतात. त्यातल्या कुठल्याही पानात एकाहून जास्त अळ्या असू शकतात. माझ्या दोरा बांधलेल्या पानात नंतर आणखी एक उतरली, आणि दोघींच्या रेघा शेवटपर्यंत एकमेकींना टाळत गेल्या.

दहाव्या दिवशी मोठी रेघ पानाच्या कडेशी पोहोचली. इथे अळीचे रूप पालटते. या शेवटच्या अवस्थेत तिला खाण्याजोगे तोंड उरत नाही. तिचे काम फक्त रेशीम काढणे. ती कडेशी आतून रेशमाचे धागे ताणते, ते आटतात आणि पानाची कड नखभर दुमडली जाते. त्या दुमडीत ती बंद होते. एका दिवसात माझ्या डोळ्यांदेखत ती कड वळत गेली, जणू कोणी साडीच्या पदराला आतून टीप घालत होते. शेतकऱ्याला नागअळीची ओळख रेघेवरून होते, पण माझ्या मते ही दुमडलेली कड अधिक महत्त्वाची, कारण जिवंत प्राणी तिथे आहे.

त्या पानाभोवती मी बारीक जाळीची लहानशी पिशवी बांधली आणि वाट पाहत राहिले. वडीलही रोज सकाळी काठी टेकत येत, पिशवी पाहत आणि काही न बोलता परत जात.

या वाट पाहण्याच्या दिवसांत झाडावरची जुनी पाने पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती वडिलांना कशी सांगावी हे मला बराच वेळ कळेना. गेल्या वर्षीच्या, आता गडद हिरव्या आणि कडक झालेल्या पानांवरही रेघा होत्या. लिंबाचे पान झाडावर वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ टिकते. त्यावर उमटलेली रेघ पान गळेपर्यंत जात नाही. पान कडक झाल्यावर मात्र कोणतीही मादी त्यावर अंडे घालत नाही आणि कोणतीही अळी त्यात वाढू शकत नाही. म्हणजे बागेत फिरताना डोळ्यांत भरणाऱ्या रेघांपैकी बहुतेक रेघांचा धनी केव्हाच उडून गेलेला असतो किंवा मित्रकीटकाने खाल्लेला असतो. आणि शेतकरी रेघ पाहून पंप खांद्याला लावतो. औषध फवारून रेघ पुसली जात नाही, म्हणून आठ दिवसांनी तो पुन्हा फवारतो. जी अळी खरोखर आत असते ती त्या मेणचट पडद्याखाली असते, तिथपर्यंत वरवरचे औषध पोहोचत नाही. पानावर उघडी फिरणारी ती चमकदार गांधीलमाशी मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरते.

मी हे एका संध्याकाळी त्यांना सांगितले. दोष देण्यासारखे ते वाटू नये म्हणून आधी जुनी पाने दाखवली, मग भोक पडलेले पान दाखवले. ते ऐकत होते. मग त्यांनी बागेतल्या जुन्या गोष्टी काढल्या. मोठी झाडे नागअळीने कधी मेली नाहीत, हे त्यांना आठवत होते. फळाला तर ती बहुतेक हात लावत नाही. त्रास व्हायचा तो कलमांना. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतून आणलेली, जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली संत्र्याची कलमे पहिली दोन-तीन वर्षे सारखी फुटत राहतात, त्यांच्यावर कायम कोवळे पान असते, म्हणून नागअळीला तिथे कधी खंड पडत नाही. मोठ्या झाडाला आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, पाण्याचा ताण देऊन मग पाणी सोडले की ते एकदम फुटते, सगळी नवती एका वेळी येते, एका वेळी कडक होते आणि किडीच्या हाती थोडेच दिवस लागतात. कलमांच्या पोखरलेल्या पानांतून खैऱ्या रोगाचे जिवाणूही शिरतात, ही गोष्ट त्यांना अनुभवाने ठाऊक होती: "जिथं नागअळी, तिथंच खैऱ्या यायचा." खोडातून सरळ वर जाणारे पानसोट त्यांचे वडील विळ्याने छाटून टाकायला लावत, कारण ते झाडाचे अन्न खातात असे ते म्हणत. त्याच पानसोटांवर सतत नवती असते आणि तिथे नागअळी पिढ्यान् पिढ्या काढते, हे मी सांगितल्यावर ते थोडे हसले. आजोबांनी कारण वेगळे सांगितले होते, पण काम बरोबर सांगितले होते.

आज ज्यांच्याकडे कलमे आहेत त्यांना मी एवढेच सांगेन की भिंग घ्यावे. नवती तीन-चार सेंटिमीटरची असताना पाने उलटून अंडी आणि बारीक रेघा पाहाव्यात, निंबोळीवर आधारित औषध द्यायचे तर तेव्हाच द्यावे, आणि कडक पानांवरच्या चांदीच्या रेघांना घाबरून काही करू नये. नर पतंगांना ओढून घेणारे कामगंध सापळेही आहेत. त्यांच्यावरून पतंग केव्हा वाढले ते कळते.

अंडे सापडल्यापासून सतराव्या दिवशी, पहाटे साडेपाचला, मी विजेरी घेऊन परसात गेले. पतंग उजाडतानाच बाहेर येतो हे वाचलेले असल्यामुळे तीन दिवस मी त्याच वेळी जात होते. दुमडलेल्या कडेतून कोषाचे रिकामे टरफल अर्धे बाहेर आलेले होते. कोषाच्या डोक्यावर एक टोकदार काटा असतो, त्याने तो रेशीम फाडतो आणि अर्धा बाहेर सरकतो, मगच पतंग निघतो. टरफल तसेच खिडकीत अडकलेल्या सदऱ्यासारखे मागे राहते. पुढे कधीही जुन्या पानाच्या कडेला हे टरफल दिसले की तिथून पतंग उडाला, आणि रेघेच्या मधे गोल भोक दिसले की तिथून मित्रकीटक उडाला, एवढे मला खात्रीने सांगता येऊ लागले.

पतंग जाळीच्या वरच्या कोपऱ्यात बसला होता. पंख मिटलेले असताना तो दोन मिलिमीटरचा, उकडलेल्या तांदळाच्या कणीहून लहान. नुसत्या डोळ्यांना तो पांढरा ठिपका होता. भिंगाखाली तो ठिपका उघडत गेला. पंख चकचकीत रुपेरी, त्यांच्यावर बुडापासून निघालेल्या दोन गडद रेघा, मधे फाटा फुटल्यासारखी खूण, टोकाकडे पिवळट-तपकिरी पट्टे आणि अगदी टोकाला एक काळा ठिपका, इतका नेमका की तो नंतर कोणीतरी जपून ठेवला असावा असे वाटले. पंखांच्या कडांना पंखांहूनही रुंद भासणारी केसांची झालर होती. डोके संपूर्ण पांढऱ्या खवल्यांनी झाकलेले होते. इतक्या लहान पतंगांच्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात आणि त्या ओळखायला तज्ज्ञाला त्यांचे सूक्ष्म अवयव तपासावे लागतात, पण लिंबाचे झाड, मधोमध धागा असलेली रेघ, कडेची दुमड आणि टोकाचा हा ठिपका, इतक्या गोष्टी जुळल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

मी डहाळी न तोडता जाळी सोडवली, पतंग काचेच्या नळीत घेतला आणि घरात आले. वडील जागेच होते. त्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जवळचे चांगले दिसते, तरी भिंग डोळ्याशी नेमके धरायला वेळ लागला. मी नळी स्थिर धरली. बराच वेळ त्यांनी काही म्हटले नाही.

"येवढुसाच?" ते शेवटी म्हणाले. मग भिंग बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "अंडे कधी घालते म्हणाली तू?"

"संध्याकाळी, बाबा. दिवस मावळला की."

"अन् आपण सकाळी फवारत होतो." त्यांनी पुन्हा भिंग उचलले. "दिवसा हे कोठी बसत असन, पानाखाली?"

मी हो म्हणाले. त्यांनी नळी स्वतःच्या हातात घेतली, काठी न घेता भिंत धरून परसदारी गेले आणि लिंबाजवळ उभे राहून बूच काढले. पतंग लगेच उडाला नाही. नळीच्या काठापर्यंत चालत आला, तिथे थांबला, आणि नंतर तो कधी गेला हे आम्हा दोघांनाही दिसले नाही. वडील रिकामी नळी उजेडात धरून एकदा पाहत राहिले. मग त्यांनी मला डहाळ्या धरायला लावल्या आणि चष्मा पुसून, हिरवट-तांबूस नवतीचे एकेक पान उलटायला सुरुवात केली.